संवाद शिकवणारे विद्यापीठ आणि त्याच्या मैदानावरील तंबू : डार्टमथ, २०२३-२४

७ ऑक्टोबर २०२३ च्या शनिवारी हमासने दक्षिण इस्राएलवर हल्ला केला आणि पाठोपाठ गाझावर बाँबवर्षाव सुरू झाला. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांचे वातावरण त्या आठवड्यातच बिघडले. निवेदनांना प्रतिनिवेदनांनी उत्तरे दिली जाऊ लागली. कोणी कोणत्या पत्रावर सही केली आणि कोणी केली नाही यावरून माणसांची विभागणी सुरू झाली. त्याच आठवड्यात न्यू हॅम्पशर राज्यातील हॅनोव्हर या लहानशा गावी, डार्टमथ कॉलेजमध्ये, ज्यू अध्ययन आणि मध्यपूर्व अध्ययन या दोन विभागांच्या प्राध्यापकांनी मंगळवारी, १० ऑक्टोबरला, आणि पुन्हा गुरुवारी, १२ ऑक्टोबरला, एकत्र जाहीर चर्चा घेतल्या. या चर्चांची दखल देशभरातील वृत्तपत्रांनी घेतली आणि विद्यापीठाने कसे वागावे याचे उदाहरण म्हणून डार्टमथचे नाव घेतले जाऊ लागले. पुढे १ मे २०२४ च्या रात्री त्याच परिसरातील हिरवळीवर पोलिसांनी ८९ जणांना अटक केली. या दोन घटनांमध्ये सात महिन्यांचेही अंतर नाही.

डार्टमथचे कौतुक करणारे बहुधा पहिल्या घटनेपाशी थांबतात आणि टीका करणारे दुसरीपासून सुरुवात करतात. या दोन्ही एकाच प्रकरणाच्या बाजू म्हणून वाचल्या, तरच संवादकौशल्य विद्यापीठात कसे शिकले जाते आणि ते कोठे अपुरे पडते, हे नीट समजते असे मला वाटते. म्हणून येथे दोन्हींचा एकत्र विचार केला आहे.

परिसर आणि त्याचा पूर्वेतिहास

१७६९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आयव्ही लीग या अमेरिकेतील नामांकित गटातील आठ विद्यापीठांपैकी एक आहे. पदव्युत्तर शाखा असूनही तिने ‘कॉलेज’ हे जुने नाव टिकवले आहे. पदवीचे विद्यार्थी साडेचार हजारांच्या आसपास आहेत. कनेक्टिकट नदीच्या काठावरील या गावात विद्यापीठ आणि गाव वेगळे काढता येत नाहीत, आणि दोहोंच्या मध्यभागी ‘द ग्रीन’ नावाची मोठी मोकळी हिरवळ आहे. विद्यार्थी, प्राध्यापक आणि गावकरी रोज एकमेकांसमोर येतात. मोठ्या शहरातील विद्यापीठात ज्याच्याशी पटत नाही त्याला टाळून चार वर्षे काढता येतात. हॅनोव्हरमध्ये ते जवळजवळ अशक्य आहे, आणि संवादाच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे.

परंतु लहान जागेत भांडणेही तितकीच जवळून होतात. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतून डार्टमथने आपली गुंतवणूक काढून घ्यावी, यासाठी विद्यार्थ्यांनी ग्रीनवर लाकडी झोपड्या उभारल्या. जानेवारी १९८६ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनानिमित्तची सुटी पहिल्यांदाच देशभर पाळली गेली त्याच्या दुसऱ्या पहाटे, दुसऱ्या गटाच्या विद्यार्थ्यांनी मोठे हातोडे घेऊन त्या झोपड्या फोडल्या. पुढे १९८९ मध्ये विश्वस्तांनी ती गुंतवणूक काढून घेतली. त्यामुळे ग्रीनवर काही उभारणे आणि गुंतवणुकीवर प्रश्न विचारणे, या दोन्ही गोष्टी या परिसराच्या स्मरणात घट्ट जोडलेल्या आहेत. २०२४ चा विचार करताना ही आठवण बाजूला ठेवता येत नाही.

याच गावाशी संवादाचा एक वेगळा इतिहासही जोडलेला आहे, आणि तो मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. मे १९६० मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेचे यू-२ हे हेरगिरीचे विमान पाडले आणि पॅरिसमधील शिखर परिषद कोसळली. दोन्ही सरकारे एकमेकांशी धड बोलत नव्हती. अशा काळात, त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, संपादक नॉर्मन कझिन्स यांच्या पुढाकाराने आणि अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या प्रोत्साहनाने अमेरिकन आणि सोव्हिएत नागरिकांची एक बैठक हॅनोव्हरमध्ये भरली. सरकारी पदाचा अधिकार नसलेली, पण आपापल्या देशात वजन असलेली ही माणसे पुढे अनेक दशके पुन्हा पुन्हा भेटत राहिली. बैठका इतरत्र होऊ लागल्या तरी त्या मालिकेला ‘डार्टमथ परिषद’ हेच नाव राहिले.

हॅरॉल्ड साँडर्स हे अमेरिकी मुत्सद्दी, ज्यांनी १९७८ च्या कॅम्प डेव्हिड वाटाघाटींत इजिप्त आणि इस्राएल यांच्यातील कराराच्या मसुद्यावर काम केले होते, ते सरकारी नोकरी सोडल्यावर या परिषदेच्या प्रादेशिक संघर्षांवरील गटाचे काम पाहू लागले. वर्षानुवर्षे तीच माणसे भेटत राहिली की त्यांच्यात काय बदलते, याचे निरीक्षण करून त्यांनी ‘सातत्यपूर्ण संवाद’ ही पद्धत मांडली. १९९३ पासून ती ताजिकिस्तानच्या यादवी युद्धातील परस्परविरोधी गटांमध्ये वापरली गेली. १९९९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी, वंशभेदावरील चर्चा दरवेळी त्याच जागी येऊन थांबतात असे जाणवल्यामुळे, साँडर्स यांच्या मदतीने हीच पद्धत आपल्या परिसरात आणली. महासत्तांच्या भांडणातून तयार झालेली ही रीत अशा प्रकारे वसतिगृहांपर्यंत पोहोचली.

या पद्धतीचे पाच टप्पे आहेत. आधी माणसे यायला तयार होतात, आणि साँडर्स यांच्या अनुभवात हाच टप्पा सर्वांत अवघड असे. मग प्रत्येक जण आपल्या तक्रारी मांडतो. त्यानंतर एखाद्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन दोन्ही बाजूंचे नाते कोठे बिघडले आहे ते तपासले जाते. चौथ्या टप्प्यात त्या प्रश्नातून बाहेर पडण्याच्या वाटांचा आराखडा मांडला जातो आणि पाचव्यात सर्व मिळून कृती करतात. तीच माणसे दर वेळी हजर असणे ही या पद्धतीची मुख्य अट आहे. एका दिवसाच्या कार्यशाळेने हे साधत नाही. शेवटचा टप्पा कृतीचा आहे, हेही येथे लक्षात ठेवावे लागेल, कारण पुढचा सारा पेच त्याच्याशी संबंधित आहे.

ऑक्टोबरमधील चर्चा का शक्य झाल्या

१० ऑक्टोबरच्या मंचावरील चार माणसांची पार्श्वभूमी पाहिली, तर यशाचे कारण बरेचसे कळते. ज्यू अध्ययनाच्या प्रमुख सुसाना हेशेल या सेल्मा येथील नागरी हक्कांच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर चाललेले धर्मचिंतक अब्राहम हेशेल यांच्या कन्या. मध्यपूर्व अध्ययनाचे प्रमुख तारेक अल-अरीस यांचे बालपण लेबनॉनच्या यादवी युद्धाच्या काळात बैरूतमध्ये गेले. एझ्झेदिन फिशेर हे इजिप्तचे माजी मुत्सद्दी आणि कादंबरीकार, तर बर्नार्ड अविशाई हे इस्राएलच्या राजकारणावर अनेक वर्षे लिहिणारे अभ्यासक. हे चौघे त्या मंगळवारी प्रथमच भेटत नव्हते. दोन्ही विभागांत एकमेकांच्या क्षेत्रात शिकवण्याची रीत होती आणि यांपैकी काहींनी संघर्षाच्या याच विषयावर एकत्र वर्गही घेतले होते.

एका वर्गात दोन प्राध्यापकांनी मिळून शिकवणे हे वरवर पाहता केवळ वेळापत्रकाचे काम वाटते. प्रत्यक्षात त्यासाठी आधी वाचनाची यादी ठरवावी लागते. ती ठरवताना कोणत्या घटनेपासून सुरुवात करायची, १९४८ च्या युद्धाला स्वातंत्र्ययुद्ध म्हणायचे की नक्बा (‘महासंकट’, हा पॅलेस्टिनींचा शब्द), कोणाचे साक्षीदार वाचायचे, या प्रत्येक प्रश्नावर मतभेद होतो आणि तो मिटवल्याशिवाय वर्ग सुरू होत नाही. असा मतभेद विद्यार्थ्यांच्या नजरेआड आणि कोणत्याही संकटाविना अनेकदा हाताळला गेला असेल, तर दोघांनाही समोरचा कोठे दुखावतो, कोठे ऐकतो आणि कोठे अडून बसतो हे माहीत असते. ७ ऑक्टोबरनंतर अवघ्या तीन दिवसांत एकत्र बसण्याची तयारी होऊ शकली, ती या आधीच्या कामामुळे. आयत्या वेळी समिती नेमून आणि पाहुणे बोलावून हे घडले नसते.

चौघांचे एकमत दाखवणे हा या चर्चांचा हेतू नव्हता. इतिहास समजावून सांगणे, प्रश्नांना उत्तरे देणे आणि शोक करणाऱ्या माणसांना एका ठिकाणी बसू देणे, एवढेच त्यांनी हाती घेतले. जे त्या क्षणी शक्य होते तेच हाती घेणे हेही संवादकौशल्यच आहे, आणि ते शिकवण्याच्या पुस्तकांत क्वचित येते.

नेमके काय शिकायचे असते

संवादकौशल्य म्हणजे सौम्यपणे बोलणे असा एक समज आहे, आणि तो या विषयाचे नुकसान करतो. मिशिगन विद्यापीठात १९८८ पासून चालणाऱ्या आंतरगट संवादाच्या उपक्रमात हा समज चांगला खोडून काढला आहे. तेथे साधारण बारा ते सोळा विद्यार्थ्यांचा एक गट, ज्यात दोन्ही समूहांचे विद्यार्थी जवळपास सारख्या संख्येने असतात, संपूर्ण सत्रभर दर आठवड्याला भेटतो. दोन समन्वयक असतात आणि ते दोन वेगवेगळ्या समूहांतील असतात. यासाठी श्रेयांक मिळतात, म्हणजे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. वादग्रस्त विषय पहिल्या आठवड्यात काढला जात नाही. त्याआधी ऐकण्याचा, नियम ठरवण्याचा आणि आपण कोठून आलो ते सांगण्याचा बराच सराव होतो.

या सरावातील सर्वांत कठीण भाग असा, की समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडून दाखवायचे आणि मगच आपले उत्तर द्यायचे. प्रयत्न केल्यावर लक्षात येते, की आपण मांडलेले म्हणणे बहुधा उत्तर देण्यास सोयीचे असे कापलेले असते. समोरचा ‘नाही, मी असे म्हटलेले नाही’ म्हणतो आणि पुन्हा प्रयत्न करावा लागतो. दुसरे कौशल्य प्रश्न विचारण्याचे. माहिती हवी म्हणून विचारलेला प्रश्न आणि कोंडीत पकडण्यासाठी विचारलेला प्रश्न व्याकरणाने सारखेच दिसतात, पण ऐकणाऱ्याला फरक तत्काळ कळतो. तिसरी गोष्ट अशी की, अनुभव आणि भूमिका वेगळ्या ठेवाव्या लागतात. ‘माझी आजी तेथे राहत होती’ या वाक्याला प्रतिवाद नसतो, आणि ‘म्हणून ती भूमी आमची’ या वाक्याला असतो. दोन्ही एकत्र बोलली गेली की भूमिकेला दिलेले उत्तर आजीवर केलेला हल्ला वाटू लागते. मतभेद मिटत नसेल तेव्हा तो नेमका कोठे आहे ते दोघांनी मिळून ठरवणे, आणि ते ठरले की त्या दिवसापुरते थांबणे, हे बहुधा अगदी शेवटी जमते.

आपल्याकडील महाविद्यालयांत वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची भक्कम परंपरा आहे. चिठ्ठीने मिळालेल्या बाजूने बोलण्याचा सराव तेथे होतो आणि तो उपयोगीच आहे. मात्र परीक्षक गुण देतात ते प्रतिवादाला. प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे त्याला मान्य होईल असे मांडून दाखवल्याबद्दल गुण देणारी स्पर्धा माझ्या पाहण्यात नाही.

जानेवारी २०२४ मध्ये डार्टमथने ‘डार्टमथ डायलॉग्ज’ या नावाखाली आपले संवादाचे सर्व प्रयत्न एकत्र आणले. नव्या विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना संवादाचे प्रशिक्षण, मध्यपूर्वेवरील व्याख्याने आणि चर्चा, तसेच लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्टोरीकोर या संस्थेचा एक उपक्रम, ज्यात राजकीय मते भिन्न असलेली दोन अनोळखी माणसे राजकारण बाजूला ठेवून एकमेकांच्या आयुष्याविषयी बोलतात, असे त्याचे स्वरूप होते. अध्यक्षा सियान बायलॉक या स्वतः मेंदू आणि आकलन यांच्या अभ्यासक आहेत. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या पदावर आल्या आणि संवाद हा त्यांनी आपल्या कारकिर्दीचा जाहीर अग्रक्रम ठरवला.

मैदानावरील रात्र

वास्तविक पहिली अटक हा कार्यक्रम जाहीर होण्याआधीच झाली होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस दोन विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयासमोर तंबू ठोकला आणि मागण्यांचे लेखी निवेदन दिले. निवेदनातील काही शब्द प्रशासनाला धमकीसारखे वाटले. दोघांना अतिक्रमणाच्या आरोपाखाली अटक झाली. प्राध्यापकांच्या चर्चेचे कौतुक देशभर सुरू असतानाच हे घडले.

१ मे २०२४ रोजी कामगार दिन होता आणि त्याच दिवशी डार्टमथमधील पदव्युत्तर विद्यार्थी-कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा संप सुरू झाला होता. संध्याकाळी ग्रीनवर सभा झाली, काही तंबू उभारले गेले आणि त्यांच्याभोवती लोकांनी कडे केले. इस्राएलशी संबंधित कंपन्यांतून गुंतवणूक काढून घेण्याची मागणी पुढे होती. प्रशासनाने तंबूंना मनाई असल्याचा इशारा आधीच दिला होता. काही तासांतच संरक्षक पोशाखातील राज्य पोलीस आणि स्थानिक पोलीस आले आणि ८९ जणांना पकडले. त्यांत विद्यार्थी होते, प्राध्यापक होते, गावकरीही होते. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे दोन वार्ताहरही त्यांत होते आणि त्यांच्यावरील आरोप नंतर मागे घेण्यात आले. इतिहासाच्या प्राध्यापिका अ‍ॅनेलिस ऑर्लेक यांना पोलिसांनी जमिनीवर पाडल्याचे चित्रण जगभर पाहिले गेले. त्यांचे वय तेव्हा ६५ होते, तीन दशकांहून अधिक काळ त्या तेथे शिकवत होत्या आणि ज्यू अध्ययन विभागाचे प्रमुखपदही त्यांनी पूर्वी भूषवले होते.

अध्यक्षांची बाजू अशी होती, की निषेधाचा हक्क सर्वांना आहे, परंतु सर्वांची सामायिक जागा एका गटाने ताब्यात घेतली तर ती इतरांसाठी उरत नाही, आणि अन्यत्र तंबू आठवडेच्या आठवडे राहिल्यावर विद्यापीठांचे दैनंदिन जीवन विस्कळीत झाल्याचे सर्वांसमोर होते. हा युक्तिवाद हलका नाही. नियम आधी सांगितला होता हेही खरे आहे. झालेल्या दुखापतीबद्दल त्यांनी पुढे खेद व्यक्त केला, पण निर्णय चुकला असे त्या म्हणाल्या नाहीत. २० मे रोजी कला आणि विज्ञान शाखांच्या प्राध्यापकांनी त्यांच्याविरुद्ध निंदाव्यंजक ठराव १८३ विरुद्ध १६३ मतांनी संमत केला. या आकड्यांतील अंतर फार थोडे आहे. हे प्राध्यापक एकमेकांना रोज भेटणारे, संवादावर विश्वास असणारे होते, आणि तरीही त्यांचे मत जवळजवळ मधोमध दुभंगले.

दोन मागण्यांमधील गफलत

माझ्या मते या प्रकरणाची गाठ येथे आहे. विद्यापीठ जे देऊ करत होते ते परस्परांना समजून घेण्याचे साधन होते. तंबूतील विद्यार्थी मागत होते तो निर्णय होता, आणि तो घेण्याचा अधिकार संवादवर्गातील कोणाकडेही नव्हता. तो विश्वस्तांकडे होता. ज्याला निर्णय हवा आहे त्याच्यापुढे समजुतीचे व्यासपीठ ठेवले, तर ते कितीही प्रामाणिक असले तरी त्याला ती वेळकाढूपणाची युक्ती वाटते. हेशेल आणि अल-अरीस एका पातळीवर उभे होते, दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला मैदानातून हटवू शकत नव्हते. अध्यक्ष आणि विद्यार्थी यांच्यात तशी बरोबरी नसते, आणि म्हणून समान अधिकाराच्या माणसांसाठी घडवलेले कौशल्य त्या नात्यावर जसेच्या तसे बसत नाही.

साँडर्स यांच्या पद्धतीतील शेवटचा टप्पा कृतीचा का आहे, हे येथे समजते. बहुतेक विद्यापीठांतील संवाद-उपक्रम तिसऱ्या टप्प्याच्या आसपास, म्हणजे मने मोकळी झाली आणि काही मैत्री जुळली की थांबतात, कारण त्यापुढे जायचे तर ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांनाही वर्तुळात बसावे लागते. विश्वस्त त्या वर्तुळात बसलेले क्वचितच दिसतात.

दुसऱ्या बाजूची अडचणही तितकीच खरी आहे. पॅलेस्टाइनच्या बाजूने काम करणाऱ्या काही गटांची भूमिका अशी आहे, की अन्याय चालू असताना दुसऱ्या बाजूशी संवादाला बसणे म्हणजे तो अन्याय सामान्य मानणे होय. ही भूमिका घेतली की पहिल्याच टप्प्याचे दार बंद होते. ती घेणाऱ्यांना दोष देऊन प्रश्न सुटत नाही. त्यांच्याशी बोलायचे तर विषय निर्णयाच्या प्रक्रियेचा असावा लागतो, म्हणजे तुमची मागणी कोणत्या समितीपुढे, कोणत्या तारखेला, कोणाच्या उपस्थितीत ठेवली जाईल आणि उत्तर लेखी कधी मिळेल, याविषयीचा.

त्याच आठवड्यात हे अन्यत्र करून पाहिले गेले. ब्राउन विद्यापीठात डिसेंबर २०२३ मध्ये ४१ विद्यार्थ्यांना अटक झाली होती, म्हणजे तेथील प्रशासनही फार मवाळ होते असे नाही. परंतु ३० एप्रिल २०२४ रोजी तेथे लेखी समझोता झाला. विद्यार्थ्यांनी तंबू काढले आणि गुंतवणुकीच्या प्रस्तावावर ऑक्टोबरमध्ये नियामक मंडळात मतदान घेण्याचे विद्यापीठाने मान्य केले. मतदान झाले आणि प्रस्ताव फेटाळला गेला. विद्यार्थ्यांना हवे ते मिळाले नाही, मंडळातील एका सदस्याने मतदान घेण्यावरच नाराज होऊन आधी राजीनामा दिला, आणि समाधान कोणाचेच पूर्ण झाले नाही. तरीही प्रश्न ज्यांच्या अधिकारात होता त्यांच्यासमोर तो ठरलेल्या दिवशी मांडला गेला. डार्टमथला १ मेच्या संध्याकाळी असा एखादा कागद पुढे करता आला असता का, याचे उत्तर कोणी खात्रीने देऊ शकणार नाही. पण तसा कागद एका संध्याकाळी लिहिता येत नाही, तो आधीच्या शांत महिन्यांत तयार ठेवावा लागतो, हे तर ऑक्टोबरमधील चर्चांनीच दाखवले होते.

हे प्रकरण वर्गात घ्यायचे असेल, तर विद्यार्थ्यांचे चार गट करावेत : तंबूतील विद्यार्थी, त्यांच्या घोषणांनी अस्वस्थ झालेले ज्यू विद्यार्थी, अध्यक्षांचे कार्यालय आणि प्राध्यापक सभा. ज्यू विद्यार्थ्यांपैकी काही तंबूंच्या बाजूनेही होते, हे गट पाडताना सांगावे. प्रत्येक गटाने आपली बाजू मांडण्यापूर्वी आधीच्या गटाचे म्हणणे त्या गटाला मान्य होईपर्यंत मांडावे, आणि तास संपण्यापूर्वी अध्यक्षांच्या कार्यालयाने ३० एप्रिलच्या तारखेचे एक पानी पत्र विद्यार्थ्यांना उद्देशून लिहावे, ज्यात काय मान्य करता येईल, काय करता येणार नाही आणि कोणत्या तारखेला कोण उत्तर देईल, हे स्पष्ट असेल. ते पत्र उरलेल्या तिन्ही गटांनी वाचून त्यावर लेखी शेरे द्यावेत. पुढच्या तासाची सुरुवात त्या शेऱ्यांपासून करावी.